नेटवर्क-स्क्रिप्ट्सकडून नेटवर्कमॅनेजरकडे: स्थलांतराच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

सोमवार, ३ जून २०२४

सेंटओएस ७ या सर्व्हरसाठीच्या लिनक्स प्रणालीची मुदत या महिन्याच्या ३० तारखेला संपते; त्यानंतर तिला दुरुस्त्या मिळणार नाहीत. आजच्या मोजणीनुसार पुण्यातील आमच्या संस्थेच्या सर्व्हर-खोलीत ३७ सर्व्हर अजून त्यावर चालत आहेत. त्यांपैकी २६ व्हर्च्युअल आहेत आणि ११ प्रत्यक्ष. सर्वांवर त्याच घराण्यातली नवी प्रणाली, अल्मालिनक्स ९.४, नव्याने बसवायची, असे ठरले आहे. जागच्या जागी अपग्रेड करण्याचा मार्ग उपलब्ध आहे, परंतु दहा वर्षांत या सर्व्हरांवर इतक्या जणांचे हात फिरले आहेत की जुने सामान न तपासता नव्या घरात नेणे मला पटत नाही.

या नोंदी फक्त नेटवर्कच्या भागापुरत्या आहेत. सेंटओएस ७ वर आम्ही नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कची मांडणी सांभाळणारी नवी सेवा) बंद ठेवून जुनी ‘नेटवर्क’ सेवा चालवत होतो. ही सेवा म्हणजे शेल स्क्रिप्टचा एक संच असून तो बूट होताना ‘आयएफसीएफजी’ नावाच्या फायली एकेक करून वाचतो आणि इंटरफेस (सर्व्हरचे नेटवर्कशी जोडणीचे बिंदू) उभे करतो. या प्रणाली ज्या लिनक्सवर बेतलेल्या आहेत, ते बनवणाऱ्या रेड हॅटने हा संच आठव्या आवृत्तीत कालबाह्य ठरवला, तरी वेगळे पॅकेज म्हणून ठेवला होता. मे २०२२ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत तो उरलेला नाही. नेटवर्कमॅनेजर मात्र नवव्या आवृत्तीतही जुन्या आयएफसीएफजी फायली वाचू शकतो. त्यामुळे फायली उचलून नव्या सर्व्हरवर ठेवल्या तर बहुतेक काम भागेल, हे आज बैठकीत मांडले गेले आणि ते खरेही आहे. तरीही मी त्याला विरोध केला, कारण त्या वाचनालाही कालबाह्यतेचा शिक्का बसलेला आहे आणि दोन-तीन वर्षांनी हेच काम पुन्हा अंगावर येईल. प्रत्येक सर्व्हरची मांडणी नेटवर्कमॅनेजरच्या नव्या ‘कीफाइल’ स्वरूपात हाताने उतरवून काढायची आणि ती गिट या बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनात ठेवायची, असे शेवटी मान्य झाले.

बुधवार, ५ जून

यादी करण्याचे काम सुरू केले. पहिल्याच दिवशी एक धडा मिळाला, म्हणून तो सविस्तर लिहितो.

सुरुवातीला मी फक्त फायली गोळा करत होतो. फाइल सर्व्हरच्या आयएफसीएफजी फाइलमध्ये १०.२०.४.११ हा एकच पत्ता आहे, आणि सवयीने चालवलेल्या ‘इफकॉन्फिग’ या पत्ते दाखवणाऱ्या जुन्या कमांडनेही तोच एक पत्ता दाखवला, त्यामुळे तो सर्व्हर तपासून झाला असे समजून मी पुढे निघालो होतो. माझ्या सहकारी मात्र तिच्या जागी आलेली ‘आयपी’ कमांड वापरत होत्या. त्यांच्या यादीत त्याच इंटरफेसवर १०.२०.४.२५० हा दुसरा पत्ताही होता. दोघांनी शेजारी बसून दोन्ही कमांड पुन्हा चालवल्या, तेव्हा उलगडा झाला. ‘आयपी’ कमांडने एखादा जास्तीचा पत्ता लेबल न देता जोडलेला असेल, तर ‘इफकॉन्फिग’ तो दाखवतच नाही. ती कमांड कर्नलशी (प्रणालीच्या गाभ्याशी) जुन्या पद्धतीने बोलते, आणि त्या पद्धतीत ‘ईथ०:१’ असे वेगळे नाव असलेला पत्ताच तिच्या दृष्टीस पडतो. ‘आयपी’ कमांड नेटलिंक या नव्या मार्गाने विचारते, त्यामुळे तिला कर्नलकडची पूर्ण यादी मिळते.

हा पत्ता एकाही आयएफसीएफजी फाइलमध्ये नव्हता. अर्धा तास शोधल्यावर ‘आरसी.लोकल’ या बूट होताना शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टच्या तळाशी एक ओळ सापडली. तिच्यावर टिप्पणी नाही, तारीख नाही.

यापुढे यादी फायलींवरून करायची नाही. चालू कर्नलकडून पत्ते, राउट (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे) आणि रूल (राउटचे कोणते टेबल केव्हा पाहायचे) हे तिन्ही घ्यायचे, आणि मग त्यांतली प्रत्येक ओळ कोठून आली हे फायलींत शोधायचे. जिचे मूळ सापडणार नाही, ती लाल रंगात.

शुक्रवार, ७ जून

लाल ओळी एकूण १४ निघाल्या. त्यांपैकी नऊ ‘आरसी.लोकल’मधल्या आहेत, तीन क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीतल्या), आणि दोन कोणीतरी हाताने चालवून तशाच सोडलेल्या. म्हणजे त्या सर्व्हरने रीबूट घेतला असता, तर त्या दोन केव्हाच नाहीशा झाल्या असत्या. त्यांपैकी एका सर्व्हरचा अपटाइम (न थांबता चालू राहण्याचा काळ) ९०० दिवसांच्या वर आहे. काही लोकांना याचा अभिमान वाटतो. मला आज धडकी भरली.

१०.२०.४.२५० बद्दल आमच्या आधी हे काम पाहणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या सरांना दूरध्वनी केला. त्यांना लगेच आठवले. “अरे, जुना मेल सर्व्हर बंद केला ना, तेव्हा त्याचा पत्ता इकडं घेतला होता. कुणाचं काही अडायला नको म्हणून. वर्षभरानं काढणारच होतो.” ते वर्ष कोणते, असे विचारल्यावर ते हसले.

त्या पत्त्यावर अजून कोणी येते का, हे पाहण्यासाठी टीसीपीडम्प हे नेटवर्कवरची ये-जा टिपणारे साधन लावून ठेवले आहे. आठवडाभर चालू राहील.

सोमवार, १० जून

दोन सर्व्हरांवर नेमसर्व्हरचे (नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते असलेली ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल अपरिवर्तनीय करून ठेवलेली आढळली. म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही ती थेट बदलता येत नाही. आधी ‘चॅटर’ कमांडने खूण काढावी लागते. डीएचसीपीने (आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेने) किंवा नेटवर्कमॅनेजरने नेमसर्व्हरचे पत्ते पुसून टाकू नयेत, म्हणून पूर्वी कोणीतरी वैतागून हे कुलूप लावले असावे. त्या वैतागाबद्दल मला सहानुभूती आहे, परंतु अशी खूण लागलेली फाइल बॅकअपमधून जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर आली, तर नेमसर्व्हर कोठे बदलायचा हे शोधण्यात पुढच्या माणसाची दुपार जाईल. नव्या मांडणीत नेमसर्व्हर नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइलमध्येच (जोडणीच्या मांडणीतच) राहतील.

गुरुवार, १३ जून

आज आयएफसीएफजी फायलींचे कीफाइलमध्ये रूपांतर करायला बसलो. साधे सर्व्हर लवकर उरकले: पत्ता, गेटवे (जाळ्याबाहेर जाण्याचे दार), नेमसर्व्हर, संपले. डोके लागले ते बॅकअपच्या जाळ्याला जोडलेल्या सर्व्हरांना. त्यांना दोन पाय, म्हणजे दोन जाळ्यांतल्या दोन जोडण्या, आहेत, आणि बॅकअपच्या पायावरून आलेल्या विनंतीचे उत्तर त्याच पायाने परत जावे, यासाठी राउटचे वेगळे टेबल आणि ते टेबल केव्हा पाहायचे ते सांगणारा रूल अशी जोडी लिहिलेली आहे. जुन्या पद्धतीत हे दोन स्वतंत्र फायलींत असते, आणि त्या फायलींतली प्रत्येक ओळ म्हणजे ‘आयपी’ कमांडचा तुटलेला शेपटाकडचा भाग असतो. स्क्रिप्ट तो भाग उचलून कमांडला जोडते, एवढेच. लिहायला हे फार सोपे होते, हे मान्य केले पाहिजे.

नव्या पद्धतीत राउट आणि रूल हे दोन्ही प्रोफाइलचे गुणधर्म होतात, आणि रूलला प्राधान्यक्रमांक द्यावाच लागतो. जुन्या फायलींत तो दिलेला नव्हता. कर्नल स्वतःच आधीच्या रूलपेक्षा एकने कमी क्रमांक देत असे, म्हणजे नंतरचा रूल आधी तपासला जाई, आणि त्यामुळे कोणता रूल आधी तपासला जाईल हे ज्या क्रमाने इंटरफेस उभे राहिले त्यावर ठरत असे. तीन सर्व्हरांवर रूल एकमेकांना छेद देतात, म्हणजे तेथे हा क्रम खरोखर महत्त्वाचा आहे. चालू सर्व्हरांवरचे क्रमांक पाहून तोच क्रम १००, ११०, १२० असा मोकळ्या अंतराने लिहून काढला.

या कामाचे खरे स्वरूप मला आज कळले. जुन्या फायलींत सर्व्हरच्या नेटवर्कचे वर्णन नाही, ती एक कृती आहे: आधी हे करा, मग ते करा, आणि शेवटी जे शिजेल ते नेटवर्क. नव्या साधनांना मात्र पानात काय हवे एवढेच सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी आपल्याला ते माहीत असावे लागते.

शुक्रवार, १४ जून

टीसीपीडम्प आठवडाभर चालला. १०.२०.४.२५० या पत्त्यावर आमच्याच जाळेतपासणीच्या साधनाखेरीज कोणीही आले नाही. पत्ता नव्या मांडणीतून वगळला आणि यादीतील लाल ओळीवर काट मारली.

मंगळवार, १८ जून

काल बकरी ईदची सुट्टी होती. आज चाचणीच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर पहिली पूर्ण मांडणी चढवली आणि तीन गोष्टी अंगाशी आल्या.

कीफाइल लॅपटॉपवरून कॉपी केली, प्रोफाइल पुन्हा वाचायला लावले, आणि काहीच घडले नाही. कमांडने चूकही दाखवली नाही. प्रणालीच्या नोंदींत, म्हणजे जर्नलमध्ये, पाहिल्यावर कळले की फाइलच्या परवानग्या ६४४ (सर्वांना वाचता येईल अशा) असल्याने नेटवर्कमॅनेजरने ती असुरक्षित ठरवून बाजूला ठेवली होती. या फायलींत पासवर्डही असू शकतात, म्हणून त्या रूटच्या मालकीच्या आणि ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा) परवानगीच्या असाव्या लागतात. नियम योग्य आहे. पण तो न पाळणाऱ्याला तोंडावर सांगितले असते तर बरे झाले असते.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची होती. त्या सर्व्हरला एक दुसरे नेटवर्क कार्ड आहे, ज्याची केबल जोडलेली आहे पण ज्याला आम्ही मुद्दाम काहीही मांडणी दिलेली नाही. जुन्या स्क्रिप्टच्या राज्यात फाइल नाही म्हणजे इंटरफेस बंद, असा सरळ हिशेब होता. नेटवर्कमॅनेजरने मात्र बेवारस कार्ड पाहून त्याच्यासाठी आपण होऊन एक प्रोफाइल तयार केले, डीएचसीपीकडून पत्ता घेतला आणि त्याबरोबर दुसरा डीफॉल्ट राउटही (वेगळी वाट सांगितलेली नसेल तेव्हा वापरायची वाट) आणला. लॅपटॉपवर ही सोय असते. सर्व्हरवर तिला मी घुसखोरी म्हणेन. त्यावर उपाय म्हणून ‘नेटवर्कमॅनेजर-कॉन्फिग-सर्व्हर’ नावाचे छोटेसे पॅकेज आहे. त्यात दोनच सूचना आहेत: आपण होऊन प्रोफाइल बनवू नकोस, आणि केबलचा सिग्नल गेला म्हणून स्थिर पत्ता काढून घेऊ नकोस. हे पॅकेज सर्व सर्व्हरांवर बसवायचे, असे कामाच्या यादीत ठळक लिहून ठेवले.

तिसरी गोष्ट किरकोळ. कीफाइलमध्ये मी हौसेने लिहिलेल्या टिप्पण्या, एका कमांडने प्रोफाइलमध्ये छोटा बदल करताच पुसल्या गेल्या, कारण नेटवर्कमॅनेजर फाइल नव्याने लिहितो. कारणे गिटमध्येच लिहावी लागतील.

शुक्रवार, २१ जून

माहितीसाठ्याच्या सर्व्हरची चाचणी. रीबूटनंतर सर्व सेवा हिरव्या दिसत होत्या, पण बाहेरून पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीसाठा सांभाळणाऱ्या सेवेला जोडता येत नव्हते. आधी फायरवॉलवर संशय घेऊन पाऊण तास घालवला. शेवटी कोणती सेवा कोठे ऐकते ते दाखवणाऱ्या ‘एसएस’ कमांडने पाहिले, तर ५४३२ पोर्टवर सेवा फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे सर्व्हरच्या आतूनच पोहोचता येणाऱ्या लोकलहोस्टवर, ऐकत होती.

कारण असे. आमच्या मांडणीत तिला दोन पत्त्यांवर ऐकायला सांगितले आहे, एक लोकलहोस्ट आणि दुसरा सर्व्हरचा स्वतःचा. ती सुरू झाली तेव्हा दुसरा पत्ता इंटरफेसवर आलेलाच नव्हता, म्हणून तिने लॉगमध्ये एक इशारा लिहिला आणि मिळालेल्या एका पत्त्यावर समाधान मानले. एकही पत्ता मिळाला नसता तर ती बंद पडली असती आणि आम्हाला लगेच कळले असते. अर्धवट यशामुळेच गोंधळ झाला.

आमच्या युनिट फाइलमध्ये (सेवा केव्हा आणि कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ही सेवा ‘नेटवर्क’ या टार्गेटनंतर, म्हणजे बूटच्या त्या टप्प्यानंतर, सुरू करावी, असे लिहिलेले आहे. जुन्या दिवसांत ते पुरेसे होते, कारण जुनी स्क्रिप्ट सर्व इंटरफेस उभे करूनच परत येत असे. आता त्या टार्गेटचा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारा कामाला लागला आहे. पत्ता लागला की नाही, याची हमी तो देत नाही. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन’ या टार्गेटची वाट पाहावी लागते, आणि नुसते त्याच्या नंतर असे लिहून भागत नाही, ते हवे आहे असेही लिहावे लागते. अशा सात युनिट फायली निघाल्या. सातही दुरुस्त केल्या.

बुधवार, २६ जून

देखरेखीच्या स्क्रिप्ट. अकरा स्क्रिप्ट ‘इफकॉन्फिग’, ‘नेटस्टॅट’ आणि ‘राउट’ यांच्या छापील निकालातून शब्द कापून काढतात. ही ‘नेट-टूल्स’ या जुन्या पॅकेजमधली मंडळी नव्या सर्व्हरवर आपोआप येत नाहीत. पॅकेज बसवून वेळ मारून नेता आली असती. परंतु त्यांतली एक स्क्रिप्ट सेंटओएस ६ च्या काळची निघाली. तेव्हा ‘इफकॉन्फिग’ पत्त्याआधी वेगळा शब्द छापत असे, आणि सातव्या आवृत्तीत तो गेल्यापासून ही स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी कोरी ओळ पाठवत आली आहे. इतकी वर्षे त्या आलेखाकडे कोणीही पाहिले नव्हते. ती स्क्रिप्ट काढून टाकली. उरलेल्या दहा ‘आयपी’ आणि ‘एसएस’वर आणल्या, ‘आयपी’ कमांड आता जेसन या स्क्रिप्टला सरळ वाचता येणाऱ्या स्वरूपात उत्तर देते, त्यामुळे शब्द मोजत बसण्याची गरज राहिली नाही.

रविवार, ३० जून

सेंटओएस ७ चा शेवटचा दिवस. आजअखेर ३७ पैकी २२ सर्व्हर नव्या मांडणीवर आले आहेत, सर्व व्हर्च्युअल. फाइल सर्व्हरही त्यांत आला. त्याच्यावरच्या सेवा, त्यांत एसएनएमपी ट्रॅप (उपकरणांनी आपण होऊन पाठवलेले इशारे) घेणारीही, नव्या सर्व्हरवर तपासून सुरू केल्या. आज दोन्ही पालख्या पुण्यात आल्याने रस्ते बंद आहेत आणि सर्व्हर-खोलीपर्यंत कोणी पोहोचणे शक्य नाही, म्हणून प्रत्यक्ष सर्व्हरांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरवले होते. माउलींनी सुट्टी दिली, असे सहकारी म्हणाल्या.

मंगळवार, २ जुलै

काल ओपनएसएसएच या दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर दोष जाहीर झाला. गंमत अशी की तो आमच्या नव्या सर्व्हरांवरच्या आवृत्तीला लागू आहे, आणि मुदत संपलेल्या सेंटओएस ७ वरची ७.४ ही आवृत्ती त्यातून सुटली आहे. ‘मग बदललं कशाला?’ हा प्रश्न आज तिघांनी विचारला. नव्याला दुरुस्ती मिळते आणि जुन्याला यापुढे मिळणार नाही, हे उत्तर तिघांनाही दिले. दुरुस्तीची पॅकेजे बसवली.

शनिवार, ६ जुलै, रात्री

बॅकअप सर्व्हर. हा या प्रकल्पातला सर्वांत अवघड सर्व्हर होता: दहा गिगाबिटचे दोन पोर्ट एलएसीपी पद्धतीने एकत्र बांधलेले (हाच बाँड), त्या बाँडवर दोन व्हीलॅन (एकाच केबलवरून चालणारी वेगळी जाळी), आणि शिवाय व्यवस्थापनासाठी एक गिगाबिटचा वेगळा पोर्ट.

साडेनऊला नवी प्रणाली बसवून झाली. बाँड उभा राहिला, पण त्यात एकच पोर्ट होता. प्रोफाइल आम्ही पोर्टच्या मॅक पत्त्याशी (नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर-पत्त्याशी) बांधले होते, कारण नव्या प्रणालीत इंटरफेसची नावे बदलतील याची कल्पना होती. यादी उघडून पाहिली, तर दोन्ही पोर्टांसमोर एकच मॅक पत्ता लिहिलेला. चूक माझीच. बाँड उभा असताना त्याचे सर्व पोर्ट वरकरणी एकच मॅक पत्ता धारण करतात, आणि मी जूनमध्ये तो वरकरणी पत्ता टिपून घेतला होता. कार्डावर कोरलेला खरा पत्ता तेव्हाही ‘प्रॉक’मधल्या बाँडिंगच्या फाइलमध्ये होता, तिकडे पाहिले नाही. ‘ईथटूल’ने खरे पत्ते विचारून घेतले, प्रोफाइल दुरुस्त केले, आणि दुसरा पोर्ट आत आला.

यानंतर व्हीलॅनचे प्रोफाइल बदलायचे होते, आणि त्याच वाटेने मी जोडलेला होतो. बसलेली फांदी तोडण्याचे हे काम पूर्वी ‘ॲट’ या ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनात दहा मिनिटांनी जुनी फाइल परत आणण्याची कमांड ठेवून करत असू. आता नेटवर्कमॅनेजरमध्येच ‘चेकपॉइंट’ची सोय आहे. आपली कमांड त्याच्या आत चालवायची. ती झाल्यावर तो ‘येस’ टाइप करायला सांगतो, आणि ठरावीक सेकंदांत उत्तर आले नाही तर सर्व काही पूर्ववत करतो. वाट तुटली असेल, तर उत्तर पोहोचतच नाही, आणि त्यातच त्याची खुबी आहे. पहिल्या प्रयत्नात मी व्हीलॅनचा क्रमांक चुकवला. पडदा गोठला, साठ सेकंद खोलीतल्या पंख्यांचा आवाज ऐकत बसलो, आणि जोडणी परत आली. खाली उतरून कन्सोल लावायला किमान वीस मिनिटे गेली असती.

अकरा वाजता सर्व ठीक, असे समजून घरी निघालो.

सोमवार, ८ जुलै

सर्व ठीक नव्हते. शनिवारच्या आणि रविवारच्या रात्रीचे बॅकअप सकाळी नऊपर्यंत चालूच होते. दुसऱ्या उपजाळ्यांतल्या सर्व्हरांचा बॅकअप दहा गिगाबिटच्या बाँडऐवजी एक गिगाबिटच्या व्यवस्थापन पोर्टवरून जात होता.

जुन्या फायली पुन्हा काढल्या. व्यवस्थापनाच्या पोर्टच्या फाइलमध्ये गेटवे होता, आणि बाँडवरच्या व्हीलॅनच्या फाइलमध्येही. जुनी स्क्रिप्ट साधे इंटरफेस आधी आणि व्हीलॅन नंतर उभे करते, आणि प्रत्येक वेळी डीफॉल्ट राउट आधीचा पुसून नवा लिहिते. त्यामुळे शेवटी आलेल्या व्हीलॅनचा गेटवे टिकत असे. पहिला गेटवे चुकीचा होता, पण त्याचे आयुष्य दोन-चार सेकंदांचे होते. नेटवर्कमॅनेजर काहीही पुसत नाही. त्याने दोन्ही राउट ठेवले, साध्या ईथरनेटला मेट्रिक (पसंती ठरवणारा क्रमांक) १०० आणि व्हीलॅनला ४०० दिले, आणि कमी मेट्रिकचा जिंकला. फाइलमध्ये लिहिलेले आम्ही तंतोतंत उतरवले होते, आणि म्हणूनच चुकलो.

व्यवस्थापनाच्या प्रोफाइलवर ‘कधीही डीफॉल्ट नको’ हा गुणधर्म लावला. उरलेल्या सर्व मांडण्यांत दोन गेटवे कोठे आहेत ते शोधले. आणखी दोन सापडले.

गुरुवार, २५ जुलै, आणि शुक्रवार, २६ जुलै

दोन दिवसांची नोंद एकत्र लिहीत आहे, कारण काल लिहायला सवड नव्हती.

बुधवारच्या रात्रीपासून पाऊस थांबलाच नाही. खडकवासल्यातून पाणी सोडले गेले, सिंहगड रस्त्याच्या भागात घरांत पाणी शिरले, आणि आमच्यापैकी दोघे घरातून निघूच शकले नाहीत. पहाटे सर्व्हर-खोलीची वीज गेली. यूपीएसने आपले काम केले, बॅटरी संपत आली, आणि मग जे व्हायला हवे होते ते झाले नाही: सर्व्हर क्रमाने बंद होण्याऐवजी एकदम विझले.

वीज आल्यावर सर्व सर्व्हर एकाच वेळी उठले, आणि स्विच त्यांच्यानंतर काही मिनिटांनी. स्थिर पत्ता असलेल्या सर्व्हरांना सिग्नलची वाट पाहायची नाही असे त्या छोट्या पॅकेजने सांगितलेले असल्यामुळे त्यांना अडचण आली नाही. एक सर्व्हर मात्र असा निघाला की त्याच्यावर ते पॅकेज नव्हते. तेथे ‘नेटवर्क-ऑनलाइन’ने थोडा वेळ वाट पाहून हार मानली, सेवा पत्त्याविना सुरू झाली, आणि जूनमध्ये चाचणीत पाहिलेले दृश्य जसेच्या तसे पुन्हा दिसले. या वेळी ओळखायला दोन मिनिटे लागली. तो सर्व्हर हाताने बसवलेला होता, बाकीचे ॲन्सिबल या आपोआप मांडणी करणाऱ्या साधनाने.

सर्व्हर क्रमाने बंद का झाले नाहीत, हे आज दुपारी कळले. यूपीएसमधले नेटवर्क कार्ड वीज गेल्यावर एसएनएमपी ट्रॅप पाठवते, आणि फाइल सर्व्हरवरची सेवा तो घेऊन इतरांना बंद होण्याचा निरोप देते. सेवा नव्या सर्व्हरवर आणलेली होती, १६२ पोर्टवर व्यवस्थित ऐकत होती, लॉगमध्ये मात्र एकही ओळ नव्हती. कार्डाला तो ट्रॅप कोठे पाठवायचा हे पाहण्यासाठी यूपीएसच्या पुढच्या पट्टीवरून मेनू उलगडत गेलो. तिसऱ्या पानावर, करड्या पडद्यावर, बारीक अक्षरांत: १०.२०.४.२५०.

जूनमध्ये आम्ही आठवडाभर कान लावून बसलो होतो. त्या आठवड्यात वीज गेली नव्हती. यूपीएस संकटाशिवाय बोलत नाही, आणि ट्रॅप एकदा पाठवला की पोहोच मागत नाही.

सरांना सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. “यूपीएस मेल सर्व्हरला सांगायचा, मेल सर्व्हर मला मेल करायचा. बरोबर आहे. मीच लावलं होतं ते.”

सोमवार, २९ जुलै

फाइल सर्व्हरच्या प्रोफाइलमध्ये १०.२०.४.२५० हा दुसरा पत्ता परत आणला. ‘रीॲप्लाय’ कमांडने जोडणी न तोडता तो लागला. गिटमधल्या नोंदीत कारण, यूपीएसच्या मेनूतले पान आणि आजची तारीख लिहिली. काट मारलेल्या इतर तेरा लाल ओळी पुन्हा उघडल्या आहेत. त्यांपैकी प्रत्येकीसाठी आता ‘आठवडाभर कोणी आले नाही’ हे पुरेसे कारण मानायचे नाही. तो पत्ता कोणत्या उपकरणात लिहिलेला असू शकतो, त्या उपकरणांची यादी करून प्रत्यक्ष पाहायचे. अग्निशमनाचा फलक, वातानुकूलनाचे नियंत्रक आणि जिन्याखालचा जुना मॉडेम बँक या यादीत आले.

शनिवार, ३ ऑगस्ट

परवानगी काढून सकाळी सात वाजता यूपीएसचा मुख्य पुरवठा चार मिनिटे बंद केला. पाच सेकंदांत फाइल सर्व्हरच्या लॉगमध्ये ट्रॅपची ओळ आली. बंद होण्याचा निरोप चाचणीच्या दोन सर्व्हरांना गेला, आणि ते क्रमाने बंद झाले.

यूपीएसच्या कार्डात पत्ता बदलून १०.२०.४.११ करायचा आहे, म्हणजे उसना पत्ता अखेर सोडता येईल. मेनूवरून तो नुसता वाचता येतो; बदलण्यासाठी कार्डाच्या वेब-पानावर जावे लागते, आणि त्याचा पासवर्ड सरांनाही आठवत नाही. कार्ड मूळ स्थितीत आणायला देखभालीचा अभियंता १२ तारखेच्या आठवड्यात येणार आहे. सेंटओएस ७ वर आता एकच सर्व्हर उरला आहे, प्रयोगशाळेतल्या एका उपकरणाचा, ज्याचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही; त्याला इंटरनेटविना वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवले आहे, आणि त्याच्यावर जुनी ‘नेटवर्क’ सेवा तशीच चालू आहे.